रुग्णाच्या खाटेपाशीं जातांना

इ. स. १८४० नंतरच्या दशकांत व्हिएन्ना शहराच्या मोठ्या सार्वजनिक इस्पितळांत बाळंतिणींचे दोन विभाग होते. एका दिवशीं आलेल्या स्त्रिया पहिल्या विभागांत घेतल्या जात, दुसऱ्या दिवशीं आलेल्या दुसऱ्यांत. पहिल्या विभागांत वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी शिकत. शहरांतील गरीब स्त्रियांना या दोहोंमधील भेद पुरता ठाऊक होता. आज पाळी पहिल्या विभागाची आहे असें कळलें म्हणजे कित्येक जणी गुडघे टेकून रडत आणि आपणांस परत जाऊं द्यावें म्हणून विनवीत. कांहीं तर वाटेंतच, रस्त्यावर बाळंत होणें पत्करीत. त्यांचें भय वेडगळ नव्हतें. १८४६ सालीं पहिल्या विभागांत शेंकडा ११ हून अधिक बाळंतिणी सूतिकाज्वरानें दगावल्या, आणि दुसऱ्या विभागांत शेंकडा ३ हूनही कमी. इस्पितळ एकच, शहराची हवा एकच, स्त्रियाही एकाच थरांतल्या. मग मरण एका दारांतून आंत येतें आणि दुसऱ्या दारांतून येत नाहीं, हें कसें?

इग्नाझ सेमेलवाइस नांवाचा तरुण हंगेरियन डॉक्टर तेव्हां पहिल्या विभागांत साहाय्यक होता. त्यानें एकेक शंका घेऊन ती तपासून पाहिली. मरणोन्मुख स्त्रीला अखेरचा संस्कार देण्यासाठीं धर्मोपदेशक घंटा वाजवीत वॉर्डातून जात असे. त्या घंटेच्या धसक्यानें बाकीच्या स्त्रिया खचत असतील, म्हणून त्याची वाट बदलून पाहिली. प्रसूतीच्या वेळीं निजविण्याची रीत बदलून पाहिली. कशानेंही उतार पडला नाहीं. मग मार्च १८४७ मध्यें त्याचा एक स्नेही, न्यायवैद्यकाचा प्राध्यापक कोलेत्श्का, मरण पावला. प्रेत तपासतांना एका विद्यार्थ्याच्या हातांतील सुरी त्याच्या बोटाला लागली होती, एवढेंच निमित्त. त्याच्या शरीरांत जीं लक्षणें आढळलीं तीं सूतिकाज्वरानें मेलेल्या स्त्रियांमध्यें आढळणाऱ्या लक्षणांसारखींच होतीं. सेमेलवाइसला उलगडा झाला. विद्यार्थी सकाळीं शवविच्छेदन करीत, आणि तेच हात घेऊन बाळंतिणींना तपासावयास येत. सुइणींना शवविच्छेदन करावें लागत नसे.

ते हात धूत नसत असें मात्र नव्हे. साबणानें धूत, पण धुतल्यावरही हातांना प्रेताचा वास राहत असे. हा वास जाईल तेव्हांच हात खरे स्वच्छ झाले असें समजून सेमेलवाइसनें मे १८४७ पासून क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यांत हात बुडविण्याचा नियम घातला. एप्रिलमध्यें शेंकडा १८ स्त्रिया मेल्या होत्या. जूनमध्यें शेंकडा २ च्या जवळपास मेल्या. पुढल्या वर्षीं, १८४८ सालीं, दोन्ही विभागांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा दीडाच्याही खालीं आलें.

या कथेचा एवढा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. तिचा पुढला भाग फारसा सांगितला जात नाहीं, आणि आजच्या रुग्णालयांच्या दृष्टीनें तोच अधिक मोलाचा आहे. ऑक्टोबर १८४७ मध्यें त्या विभागांत पहिल्याच खाटेवर गर्भाशयाच्या कर्करोगानें पीडित अशी एक स्त्री होती. फेरी तिच्यापासून सुरू होई. वॉर्डांत शिरतांना सर्वांनीं नियमाप्रमाणें हात बुडविलेले असत, पण तिला तपासल्यावर पुढल्या खाटेकडे जातांना ते नुसत्या साबणानेंच धूत. त्या सुमारास बाळंत झालेल्या १२ स्त्रियांपैकीं ११ दगावल्या. म्हणजे विष केवळ प्रेतांतच असतें असें नाहीं. तें जिवंत रुग्णाच्या देहांतूनही निघतें, आणि एका खाटेपासून दुसऱ्या खाटेपर्यंत जाण्यास त्याला हाताखेरीज दुसरें वाहन लागत नाहीं. तेव्हांपासून सेमेलवाइसनें दर रुग्णागणिक तोच उपाय करावयास लावला.

त्याच्या शोधाला मान मिळाला नाहीं. आपल्याच हातांनीं आपण रुग्ण मारले हें ऐकून घेणें कोणाही प्रतिष्ठित माणसाला जड जातें. शिवाय सेमेलवाइसनें आपलें पुस्तक १८६१ पर्यंत लिहिलें नाहीं, आणि लिहिल्यावर विरोधकांना उघड पत्रें लिहून खुनी ठरविलें. सत्य सांगण्याची ती रीत नव्हे, हें म्हणावें लागतें. पण ज्यानें इतक्या स्त्रिया मरतांना पाहिल्या त्याच्या संतापाला नांवें ठेवणेंही कठीण आहे. १३ ऑगस्ट १८६५ रोजीं, व्हिएन्नाजवळच्या वेड्यांच्या इस्पितळांत, जखम चिघळून त्याचा अंत झाला. आदल्याच दिवशीं ग्लासगो येथें जोसेफ लिस्टर यानें गाडीखालीं पाय मोडलेल्या एका ११ वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली होती. ती जखम चिघळली नाहीं, आणि निर्जंतुक शस्त्रक्रियेचें युग तेथून सुरू झालें. पुढें पाश्चर आणि कॉख यांच्या संशोधनानें त्या अदृश्य विषाला रोगजंतु हें नांव मिळालें.

इतकें सर्व होऊन आतां पावणेदोनशें वर्षें होत आलीं. तरीही हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ मध्यें दिलेल्या अहवालाप्रमाणें तीव्र आजारासाठीं रुग्णालयांत राहणाऱ्या दर १०० रुग्णांपैकीं श्रीमंत देशांत ७ जणांना, आणि मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना, आंत आल्यावर एखादा तरी नवा संसर्ग जडतो; आणि अशा दर १० जणांमागें सरासरी एक दगावतो. रोगी एका रोगासाठीं आंत जातो आणि दुसराच रोग घेऊन बसतो, असा हा प्रकार आहे.

याचें कारण समजण्यास अवघड नाहीं. निरोगी माणसाचें शरीर एखाद्या गढीसारखें असतें. कातडी हा तिचा तट. रुग्णालयांत या तटाला उपचारासाठीं म्हणूनच भगदाडें पाडावीं लागतात. सलाईनची सुई शिरेंत असते, लघवीची नळी मूत्राशयांत असते, शस्त्रक्रियेची जखम असते, कधीं श्वासाची नळी घशांत असते. यांतील प्रत्येक नळी जीव वाचविते आणि प्रत्येक नळी जंतूंना वाटही देते. त्यांत रुग्ण अशक्त, शेजारी दुसरे रुग्ण, आणि सर्वांना हात लावणारीं माणसें तींच. कांहीं जंतु खाटेच्या कठड्यावर, टेबलावर, दाराच्या मुठीवर कित्येक दिवस टिकून राहतात. कावीळ ब चा विषाणु रक्ताच्या वाळलेल्या डागांत ७ दिवस तग धरूं शकतो. डोळ्यांना तेथें कांहींच दिसत नाहीं, हीच खरी अडचण. सेमेलवाइसच्या विद्यार्थ्यांच्या हातांना निदान वास तरी येत होता.

म्हणून सर्व उपायांत पहिला उपाय आजही हातांचाच आहे. डॉक्टर व परिचारिका यांनीं हात केव्हां स्वच्छ करावे याचे पांच प्रसंग जागतिक आरोग्य संघटनेनें सांगितले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वीं, निर्जंतुक काम करण्यापूर्वीं, रक्त किंवा शरीरांतील इतर द्रव लागण्याचा संभव आला त्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर, आणि त्याच्या भोंवतालच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतर. शेवटचा प्रसंग लोक हटकून विसरतात. रुग्णाला हातही लावला नाहीं, नुसती चादर सारखी केली, असें म्हणून माणूस निघून जातो. मद्यार्कयुक्त सॅनिटायझर हातांवर घेतलें तर तें २० ते ३० सेकंद, वाळेपर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांभोंवतीं व अंगठ्यांवर चोळावें लागतें. साबण-पाण्यानें धुवावयाचें तर सगळ्या कृतीला ४० ते ६० सेकंद लागतात. हात मळलेले दिसत असतील, किंवा रुग्णाला जुलाब होत असतील, तर साबण-पाणीच हवें; कारण जुलाबाच्या कांहीं जंतूंचीं बीजें मद्यार्काला दाद देत नाहींत. अंगठ्या आणि बांगड्या यांच्याखालीं मळ दडतो, तेव्हां शुश्रूषेच्या काळांत अंगठी घरीं ठेवलेली बरी.

हातमोजांविषयीं एक गैरसमज रूढ आहे. मोजे घातले म्हणजे हात धुवावयास नकोत, असें पुष्कळांना वाटतें. मोजा म्हणजे दुसरी कातडीच. ती जितक्या रुग्णांना लागेल तितक्यांचे जंतु गोळा करील. गंमत अशी कीं शस्त्रक्रियेंतील रबरी मोजांचा जन्म रुग्णासाठीं झालाच नव्हता. १८८९ च्या सुमारास अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत शस्त्रवैद्य हॅल्स्टेड याच्या हाताखालीं कॅरोलाइन हॅम्प्टन नांवाची परिचारिका होती. जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या क्षारानें तिच्या हातांची कातडी सोलवटली, म्हणून त्यानें तिच्यासाठीं पातळ रबराचे मोजे करवून घेतले. पुढें त्यानें तिच्याशीं विवाहही केला. मोजांमुळें जखमा कमी चिघळतात, हें ध्यानांत येण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं.

आतां आपल्याकडील रुग्णालयांची एक खास गोष्ट. आरोग्याचे बहुतेक नियम अशा देशांत लिहिले गेले कीं जेथें रुग्णाचें सर्व कांहीं परिचारिका करते आणि नातेवाईक फुलें घेऊन तासभर येऊन जातात. येथें तसें नसतें. येथें सार्वजनिक रुग्णालयांत खाटेखालीं चटई टाकून आई, बायको किंवा भाऊ रात्रंदिवस राहतो. रुग्णाला कुशीवर वळविणें, भरविणें, पुसून काढणें, भांडें देणें हें सारें तोच करतो. म्हणजे तो पाहुणा नसून बिनपगारी परिचारकच होय. आणि त्याला कोणी कांहीं शिकविलेलें नसतें. त्यांतून आपल्या लोकांचा स्वभाव असा कीं शेजारच्या खाटेवरील एकट्या म्हाताऱ्याला पाणी मागतांना ऐकलें तर कोणाच्यानें स्वस्थ बसवत नाहीं. आपल्या रुग्णाचें तोंड पुसलें, तसेंच जाऊन म्हाताऱ्याला बसतें केलें, त्याच्या नळीची पिशवी उचलून ठेवली, आणि परत येऊन आपल्या रुग्णाला फळाची फोड भरविली. या माणुसकीला दोष देण्याची कोणाची छाती होईल? परंतु व्हिएन्नांतील त्या पहिल्या खाटेची गोष्ट येथें आठवावी. शेजाऱ्याला पाणी अवश्य पाजावें. जातांना आणि परत येतांना हात मात्र चोळावे. तेवढ्या अर्ध्या मिनिटानें त्या माणुसकीचा धोका पुष्कळ कमी होतो.

शुश्रूषा करणारालाही भय असतेंच. १८९७ च्या प्लेगांत पुण्यांत सावित्रीबाई फुले यांनीं रुग्णांची सेवा पत्करली. त्यांतच त्यांना तो रोग जडला आणि १० मार्च रोजीं त्या निवर्तल्या. उंदरावरच्या पिसवांमार्फत प्लेग पसरतो हें सिमों या फ्रेंच शास्त्रज्ञानें दाखवून दिलें तें त्यानंतर, १८९८ सालीं. त्यांना सावध करील असें ज्ञानच त्या काळीं उपलब्ध नव्हतें. आज तें आहे.

भेटीस जाणारांनीं तर आधीं जावें कीं नाहीं हाच विचार करावा. ज्याला ताप, खोकला, जुलाब, अंगावर पुरळ किंवा डोळे आलेले असतील त्यानें घरीं राहून निरोप पाठविणें हेंच प्रेमाचें लक्षण. आपल्याकडे समाचारास न जाणें हा अपराध मानतात, आणि त्या धाकानें माणसें शिंकत शिंकत समाचारास जातात. लहान मुलांना नेऊं नये. रुग्णाच्या खाटेवर बसूं नये. तेथें खुर्ची किंवा स्टूल असतें. अतिदक्षता विभागांत फुलें नेऊं नयेत, कारण फुलदाणींतील पाण्यांत जंतूंची वाढ होते. तीर्थ आणि अंगारा यांविषयीं श्रद्धेचा प्रश्न निघतो. त्यावर एवढेंच म्हणतां येईल कीं अंगारा उशाशीं पुडींत ठेवल्यानें श्रद्धेला बाध येत नाहीं, आणि ज्याच्या घशांत नळी आहे किंवा ज्याला पाणीही वर्ज्य आहे त्याच्या मुखांत तीर्थाचा थेंबही घालूं नये.

श्रोत्यांपैकीं अनेकांनीं अतिदक्षता विभागाच्या दाराशीं चपलांचा ढीग पाहिला असेल. चपला बाहेर काढल्या म्हणजे शुद्धता पाळली, असें आपल्या मनाला वाटतें. देवळाची आणि स्वयंपाकघराची संवय तेथें कामास येते. पण रुग्णाला कोणी पायानें स्पर्श करीत नाहीं. माणूस वांकून चपलेचा पट्टा हातानें सोडवितो, त्याच हातानें दार ढकलतो, आणि त्याच हातानें रुग्णाचें कपाळ कुरवाळतो. तेथील नियम असेल तर चपला जरूर काढाव्या, मात्र त्यानंतर हात स्वच्छ करावे. खिशांतील मोबाईल फोनचीही तीच कथा. दिवसभरांत त्याइतका हाताळला जाणारा आणि तितकाच कमी पुसला जाणारा दुसरा जिन्नस घरांत सांपडणार नाहीं.

क्षय, गोंवर आणि कांजिण्या यांचें वळण मात्र निराळें आहे. यांचे जंतु खोकल्यांतून अगर श्वासांतून निघालेल्या अतिसूक्ष्म कणांवर बसून हवेंत तरंगत राहतात. तेथें हात धुऊन भागत नाहीं, हवा खेळती पाहिजे. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवून झुळूक येऊं देणें हा जुन्या धाटणीच्या उंच वॉर्डांचा मोठाच गुण होता. थंडी वाजते म्हणून त्या घट्ट लावून घेणें म्हणजे तो गुण फुकट घालविणें होय. खोकणाऱ्या रुग्णानें तोंडावर मास्क लावावा, निदान कोपरांत खोकावें. मास्क नाकाखालीं ओढून बोलणारीं माणसें २०२० नंतर सर्वांनींच पाहिलीं; तशा मास्कचा उपयोग हनुवटीला होत असेल तेवढाच.

शस्त्रक्रियेसाठीं दाखल होणाऱ्या रुग्णाच्या हातींही कांहीं गोष्टी असतात. आदल्या दिवशीं साबण लावून स्वच्छ स्नान करावें. शस्त्रक्रियेच्या जागचे केस घरीं वस्तऱ्यानें काढूं नयेत. वस्तऱ्यानें कातडीवर बारीक ओरखडे पडतात आणि जंतूंना त्यांत आयतें घर मिळतें. केस काढण्याची गरज असेल तर रुग्णालयांतच ते यंत्रानें कापतात. मधुमेह असेल तर रक्तांतील साखर आधीं आटोक्यांत आणावी. विडी-सिगारेट निदान चार आठवडे आधीं सोडावी, म्हणजे जखम भरावयास मदत होते. लघवीची नळी असेल तर तिची पिशवी नेहमीं मूत्राशयाच्या पातळीखालीं असावी, पण जमिनीला टेकूं नये. आणि ही नळी आज खरोखर हवी आहे का, हें रोज विचारावें. जितके दिवस नळी अधिक तितका धोका अधिक, आणि गर्दीच्या वॉर्डांत एखादी नळी केवळ कोणी काढण्याची आठवण केली नाहीं म्हणून राहून गेलेली असते. सलाईनच्या सुईभोंवतीं लाली, सूज किंवा ठणका जाणवला तर परिचारिकेस तत्काळ सांगावें. प्रतिजैविक औषधें डॉक्टरांनीं सांगितलीं तितकेच दिवस घ्यावीं. "आणखी जोरदार इंजेक्शन द्या" असा आग्रह धरूं नये. विनाकारण दिलेल्या प्रत्येक मात्रेनें त्या औषधाला न जुमानणारे जंतु तेवढे मागें उरतात, आणि मग खऱ्या गरजेच्या वेळीं तें औषध निकामी ठरतें.

नवजात अर्भकाविषयीं तर घराघरांत भांडणें होतात. बाळ पाहावयास आलेली प्रत्येक आत्या, मावशी व शेजारीण त्याला उचलून घेऊं इच्छिते, आणि नको म्हटलें तर सून अहंकारी ठरते. पण त्या चिमुकल्या देहाची रोगाशीं झुंजण्याची शक्ति अजून कच्ची असते, आणि वेळेपूर्वीं जन्मलेल्या बाळाची तर फारच कच्ची. त्याचा मुका घेऊं नये, हात धुतल्याशिवाय त्याला घेऊं नये. नाळेवर हळद, तेल, राख यांपैकीं कांहींही डॉक्टरांनीं सांगितल्याखेरीज लावूं नये. येथें घरांतील वडील स्त्रीनें पुढें होऊन नियम सांगितला म्हणजे सुनेला तोंड वाईट करावें लागत नाहीं.

राहतां राहिला एक नाजूक प्रश्न. डॉक्टर किंवा परिचारिका हात न धुतांच जवळ आली तर रुग्णानें काय करावें? तसें विचारण्याचा त्याला अधिकार आहे. परंतु अधिकार असणें आणि तोंडांतून शब्द फुटणें यांत मोठें अंतर आहे. ज्यांच्या हातीं आपला जीव, त्यांना कसें टोकावें? येथें आपल्या घरची जुनी चाल उपयोगी पडते. पाहुणा दाराशीं आला कीं यजमान त्याला तुमचे पाय मळले आहेत असें म्हणत नाहीं, हातपाय धुण्यासाठीं पाण्याचा तांब्या पुढें करतो. त्याचप्रमाणें सॅनिटायझरची बाटली खाटेच्या पायथ्याशीं, येणाराच्या हाताला लागेल अशी ठेवावी आणि "डॉक्टरसाहेब, बाटली येथें ठेवली आहे" एवढेंच म्हणावें. बहुतेक डॉक्टर हंसून ती घेतील. कामाच्या गर्दींत विसर पडतो, मनांत तुच्छता असते असें नव्हे. इंजेक्शन देतांना मात्र भीड धरूं नये: सुई व सिरिंज नव्या पाकिटांतून आपल्यादेखत काढली गेली पाहिजे, आणि वापरलेली सुई लगेच तिच्यासाठीं ठेवलेल्या बंद डब्यांत गेली पाहिजे.

घरीं परत आल्यावर रुग्णालयांत वापरलेले कपडे व चादरी न झटकतां गरम पाण्यांत साबणानें धुऊन उन्हांत वाळवाव्या. शस्त्रक्रियेची जखम टांके काढल्यावरही संपूर्ण निर्धास्त होत नाहीं. संसर्ग ३० दिवसांपर्यंत डोकें वर काढूं शकतो. लाली पसरत चालली, पू आला, दुर्गंधि सुटली, जखम उकलली किंवा ताप भरला, तर घरगुती लेप न लावतां ज्यांनीं शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडेच त्या दिवशीं जावें, आणि जातांना औषधांची चिठ्ठी व घरी सोडतांना मिळालेला कागद बरोबर न्यावा.